चौथा पुकारा

“एक तारीख घ्या, बाई. एवढंच. दुसरं काही मागत नाही कोणी,” मोहरील वकील म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

रविवारची दुपार होती. रत्नमाला फरशीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी खिडकीशी उभा राहून तिचे कोर्टात घालायचे पांढरे बँड इस्त्री करत होतो. ते काम माझ्याकडेच असायचं, कारण ती बँड जाळायची. इस्त्री हातात असली तरी तिच्या डोक्यात उलटतपासणी चालू असे.

“तारीख घ्यायला कारण लागतं, मोहरीलसाहेब.”

“कारणाला काय तोटा? पोट बिघडलं म्हणा. सरकारी वकिलाचं पोट बिघडलं तर जज्जसाहेब काय नाडी बघायला येतात?”

“माझं पोट चांगलं आहे.”

“तेच तर तुमचं दुखणं आहे,” मोहरील हसले आणि माझ्याकडे वळले. “आवटे, तुम्ही तरी सांगा. गाडी लेट झाली तर तुम्ही काय करता? लाऊडस्पीकरवर सांगता आणि गप्प बसता. लेट झाली म्हणून गाडी रद्द होते का?”

“कधी कधी होते,” मी म्हणालो.

मी एस.टी.त कंट्रोलर होतो. आमच्या जिल्ह्याच्या गावात स्टँड आणि कोर्ट समोरासमोर, मधे फक्त रस्ता. रत्नमाला जिल्ह्याची सरकारी वकील होती. ती नेमणूक तीन वर्षांची असते. मुदत संपत आली की पुन्हा नावं मागवतात, कलेक्टर आणि मोठे जज्ज यादी करून मुंबईला पाठवतात, आणि तिथं कोणाच्या तरी शब्दावर एक नाव पक्कं होतं. आमच्याकडे तो शब्द आण्णासाहेबांचा होता. साखर कारखाना त्यांचा, पक्ष त्यांचा, आणि त्या सोमवारी ज्या खटल्यात साक्ष व्हायची होती त्यातला आरोपी हा त्यांच्या बहिणीचा मुलगा.

वाघदरा नावाच्या गावात पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं होतं. टँकर आधी कोणाच्या दारात रिकामा करायचा, यावरून. त्यात या भाच्यानं एका माणसाला टिकावाच्या दांड्यानं मारलं आणि तो माणूस मेला. बघणारे पुष्कळ होते. कोर्टात उभे राहिलेले दोघं, आणि दोघंही फिरले. ‘आम्ही पाठमोरे होतो’ म्हणाले. आता उरली होती मेलेल्याची बहीण, कौसाबाई.

“बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय,” मोहरील बशी खाली ठेवून म्हणाले. “मुंबईचा कागद महिन्याभरात येईल. तेवढे दिवस ही केस हलायला नको. आण्णासाहेब म्हणाले, बाई हुशार आहेत, पुन्हा त्याच हव्यात. त्यांच्या तोंडून स्वतः ऐकलंय मी.”

“कौसाबाई ऊसतोडीला जाते. आठवड्यात त्यांची टोळी निघेल. मग ती उन्हाळ्यातच परत येणार.”

“मग उन्हाळ्यात घ्या साक्ष! ती काय पळून चाललीय?”

 उन्हाळ्यापर्यंत कौसाबाईचं काय होईल हे रत्नमालालाही कळत होतं आणि मोहरीलांनाही. ज्या मुकादमाच्या टोळीत ती ऊस तोडायची तो आण्णासाहेबांच्याच कारखान्याला मजूर पुरवायचा.

मोहरील उठले. चपला घालताना म्हणाले, “तुम्हाला ती साक्षीदारांची खोली पाहिजे ना? तुम्ही खुर्चीवर राहिलात तर होईल. नाही तर पुढचा माणूस तिथं वकिलांच्या स्कूटरी लावेल. विचार करा.”

ते गेले. रत्नमालाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

खोलीचं सांगायला हवं. महिन्यापूर्वी कलेक्टरांनी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला पुन्हा कशाला व्हायचंय सरकारी वकील? बाकीच्या उमेदवारांनी काय काय सांगितलं असेल ते असो. हिनं सांगितलं, साक्षीदारांना बसायला खोली पाहिजे. कलेक्टर हसले म्हणे. तिनं समजावून सांगितलं. साक्षीदार पहाटेच्या गाडीनं येतो आणि कोर्टाच्या पायरीवर बसतो. त्याच पायरीवर आरोपीचे नातेवाईक बसतात. त्याला बिडी देतात, चहा देतात, डोळे दाखवतात. दुपारी तो पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याला काही आठवत नाही. एक खोली द्या, पाण्याचा माठ द्या आणि दाराला आतून कडी द्या. कलेक्टरांनी जागा मंजूर केली होती. बांधकाम व्हायचं होतं.

खोली होईपर्यंत तिची खोली म्हणजे आमचा स्टँड. गावाकडून साक्षीदार यायचा असला की ती सकाळी मला सांगायची, “कंट्रोलर, आज बोरफडीच्या गाडीनं एक म्हातारा येईल. तांबडा फेटा, डाव्या पायानं लंगडतो.” मग मी त्याला माझ्या केबिनमध्ये बसवायचो आणि पुकारा व्हायच्या वेळी रस्ता ओलांडून पोचवायचो. माझ्या डब्यात त्या दिवशी दोनाच्या जागी चार भाकऱ्या असायच्या. ती म्हणायची, “उपाशी माणूस खरं बोलू शकत नाही. त्याला लवकर घरी जायचं असतं.”

हे तिला तिच्या वडिलांमुळे सुचलं असावं. माझे सासरे त्याच कोर्टात शिपाई होते. पुकारा करायचं काम त्यांचं. व्हरांड्यात येऊन साक्षीदाराचं नाव तीनदा ओरडायचं, ‘हाजीर हो!’ त्यांचा आवाज स्टँडपर्यंत यायचा. लोक सांगत, एकदा त्यांनी ‘ज्ञानोबा’ अशी हाक मारली आणि उभ्या गाडीतून चार ज्ञानोबा उतरले.

रत्नमाला लहानपणी शाळा सुटली की त्यांच्या स्टुलाशेजारी बसायची. एकदा तिसरा पुकारा झाला, कोर्टानं तारीख दिली आणि मग एक बाई धापा टाकत पोचली. पायरीवर बसून रडायला लागली. हिनं वडिलांना विचारलं, बापू, तुम्ही चौथ्यांदा का नाही ओरडलात? ते म्हणाले, “मला तीनदाचा हुकूम आहे, बाळ. चौथ्यांदा ओरडलं तर नोकरी जाते.” आमच्या घरात मग ते वाक्यच होऊन बसलं. मी जेवायला तीनदा हाका मारून आलो नाही की ती म्हणायची, “चौथ्यांदा ओरडणार नाही, नोकरी जाते.”

सोमवारी सकाळी तिनं डबा भरून माझ्या हातात दिला. मी वाट बघत उभा राहिलो.

“काय?” ती म्हणाली.

“कोण येणार, सांगितलं नाहीस.”

“कोणी नाही,” ती म्हणाली. “निघा, उशीर होईल.”

तिनं बँड गळ्याला बांधले ते वाकडे बांधले. मी सरळ केले. तिनं मान वर करून करू दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी समजलो. वाटेत सायकल चालवताना मनाशी म्हणालो, ठीक आहे. एक तारीख. तिनं तीन वर्षं रात्रंदिवस केलंय. शिपायाची मुलगी त्याच कोर्टात सरकारी वकील झाली, तिच्या नावाची पाटी त्याच व्हरांड्यात लागली, ती आणखी तीन वर्षं राहिली तर कोणाचं काय जातं? आणि खोली होईल. मलाही ती पाटी आवडायची. ड्यूटीवर जाताना रोज मी रस्त्याच्या त्या बाजूनं जायचो, तेवढ्यासाठी.

वाघदऱ्याची गाडी आली. गफूर कंडक्टर उतरून केबिनपाशी आला, हजेरीची सही घेतली आणि म्हणाला, “कंट्रोलरसाब, तुमची पाहुणी आणलीय. पण उतरल्यापासून ती कोर्टाकडे जात नाही. पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलीय.”

मी गेलो. कौसाबाईच होती. याआधी दोनदा आली होती. दोन्ही वेळा आरोपीच्या वकिलानं तारीख घेतली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, भिंतीकडे तोंड.

“मावशी, इथं का बसलात?”

“दादा, त्या गेटावर जीपडं उभं हाये. त्येंचीच माणसं हायेत. मुकादम बी हाये.” ती हळू बोलत होती, जणू ते ऐकतील. “म्या माघारी जाते. हीच गाडी परत जाती नव्हं?”

“जाते. थोड्या वेळानं.”

“हवालदार येनार व्हता गावातून संगं. आलाच न्हाई.”

मी कोर्टाच्या गेटाकडे पाहिलं. जीप होती. चौघं-पाचजण चहा पीत होते. त्यांनी तिला बघितलं नव्हतं.

“बाईंनी काई सांगितलं का माझ्यासाटी?” तिनं विचारलं.

“नाही. काही सांगितलं नाही.”

“बाईनी हाक मारली तर जाईन बगा. भावाची आन हाये. पर आपल्या आपण न्हाई जायची. एकलीला न्हाई व्हायचं.”

 गाडी उभी होती. ती बसून गेली असती, पुकारा झाला असता, साक्षीदार गैरहजर म्हणून कोर्टानंच तारीख दिली असती. रत्नमालाला तोंडही उघडावं लागलं नसतं. पोट बिघडल्याचं खोटंसुद्धा नाही. इतकं सोपं होतं ते.

“काही खाल्लंय का?” मी विचारलं.

तिनं मान हलवली.

म्हटलं, जायचं तर जाऊ दे, पण उपाशी नको. माझ्यातली एक भाकरी द्यावी म्हणून मी केबिनमध्ये येऊन डबा उघडला.

चार भाकऱ्या होत्या. वर लसणाची चटणी, आणि कांदा फोडून ठेवलेला.

मी डब्याकडे बघत उभा राहिलो. मग खिडकीतून कोर्टाकडे पाहिलं. शिपाई व्हरांड्यात आला होता. सासऱ्यांच्या जागी आलेला हा बारीक आवाजाचा माणूस. त्याची हाक रस्ता ओलांडत नसे. नुसतं तोंड उघडलेलं दिसलं. पहिला पुकारा. त्याच्यामागे दारात काळा कोट दिसला. रत्नमाला. साक्षीच्या दिवशी ती नेहमी दारात येऊन स्टँडकडे बघायची आणि मी हात वर करायचो. त्या दिवशी ती पाठमोरी होती.

दुसरा पुकारा झाला. ती वळली नाही.

शिपाई तिसऱ्यांदा ओरडला आणि आत गेला. तीही आत गेली.

मी माईक सुरू केला. आतापर्यंत आयुष्यात त्या माईकवर गाड्यांखेरीज दुसरं काही बोललो नव्हतो.

“वाघदऱ्याच्या कौसाबाई भानुदास खाडे,” मी म्हणालो, “कौसाबाई खाडे, हाजीर हो! सरकारी वकील आवटेबाईंनी तुम्हाला बोलावलं आहे. कोर्टानं कृपा करून थांबावं. साक्षीदार स्टँडवर हजर आहे, आणि येत आहे.”

आमचे स्पीकर चार खांबांवर होते, एक थेट कोर्टाच्या भिंतीकडे तोंड करून. सगळा स्टँड गप्प झाला. उसाचा रस काढणाऱ्यानं चरक थांबवला. मी बाहेर आलो. कौसाबाई टाकीमागून बाहेर येऊन उभी होती.

“बाईनी बोलावलं?” तिनं विचारलं.

“बोलावलं,” मी म्हणालो.

गफूर तिकिटाची पेटी काखेत मारून तिच्या उजव्या बाजूला आला. “चला मावशी. ह्या प्रवासाला तिकीट नाही.” वाघदऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर उतरला. त्या गाडीतली माणसं उतरली, दोन हमाल आले, पेपरवाला आला. कोणाला खटल्याचं काही ठाऊक नव्हतं. एका बाईला माईकवरून बोलावलं आणि कंट्रोलर स्वतः निघाला, एवढ्यावर आले. आम्ही रस्ता ओलांडला. जीपमधल्या माणसांच्या हातातले कप हातातच राहिले. मुकादम पुढं झाला.

“कौसे, कुठं?”

“भावाचं सांगायला,” ती म्हणाली, आणि थांबली नाही.

कोर्टात जज्जसाहेब लिहिता लिहिता थांबले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “हा पुकारा कोणी केला?”

“मी, साहेब. एस.टी. कंट्रोलर.”

“तुम्हाला अधिकार आहे का?”

“नाही, साहेब.”

 ते रत्नमालाकडे वळले. “सरकार पक्षाचं काय म्हणणं आहे? साक्षीदार गैरहजर म्हणून मी लिहायला घेतलं होतं. साक्ष आज घ्यायची आहे?”

रत्नमाला उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. संसारात तिचे सगळे चेहरे मी ओळखत होतो, हा ओळखता आला नाही. मला वाटलं, ही चिडलीय. मग तिनं कौसाबाईकडे पाहिलं. कौसाबाईनं पिंजऱ्याची कड धरली होती आणि ती रत्नमालाकडे अशी बघत होती, जशी पोर आईकडे बघते.

“आजच, साहेब,” रत्नमाला म्हणाली.

मला परत जावं लागलं, गाड्या खोळंबल्या होत्या. साक्ष मी ऐकली नाही. पण सगळ्या गावानं ऐकल्यासारखी ती मला नंतर कितीतरी जणांनी सांगितली. उलटतपासणीत वकिलानं विचारलं, तू तेव्हा पाठमोरी होतीस ना? कौसाबाई म्हणाली, “भावाला मारताना भन पाठ करती व्हय, साहेब?”

दुपारी मी तिला केबिनमध्ये बसवून जेवू घातलं आणि गफूरच्या गाडीनं परत पाठवलं. तो तिला घरात सोडून आला.

संध्याकाळी रत्नमाला घरी आली, हातपाय धुवायला मोरीवर गेली. तिथूनच तिनं विचारलं, “जेवली का ती?”

“दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

“तुमच्या दिल्यात? मग तुम्ही?”

“माझ्या कशाला देऊ? चार होत्या की डब्यात.”

नळ वाहत राहिला. बराच वेळ वाहत राहिला. मग तिनं तो बंद केला, पदराला हात पुसले आणि “हं” म्हणून स्वयंपाकघरात गेली.

भाच्याला शिक्षा झाली. मुंबईचा कागद आला, त्यात दुसऱ्याचं नाव होतं. मोहरीलांच्याच हाताखालचा मुलगा. मोहरील रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “आवटे, गाडी लेट झाली असती तर चाललं असतं. तुम्ही तर रूळच उखडले.”

“एस.टी.ला रूळ नसतात, साहेब,” मी म्हणालो. तेवढंच सुचलं.

तिची पाटी मी स्वतः काढून आणली. खोलीच्या जागी स्कूटरी लागायला लागल्या. रत्नमालानं पुन्हा खाजगी वकिली सुरू केली, बायकांचे पोटगीचे दावे, जमिनीच्या वाटण्या. पुढं कितीतरी वर्षं आम्ही स्कूटरवरून हिंडलो, भांडलो, पोरीचं लग्न केलं, घराला वरचा मजला चढवला. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही. मी विचारलं नाही. मला वाटायचं, तिनं चार भाकऱ्या घालून मला सांगितलं होतं आणि मी तिचं सांगणं बरोबर वाचलं. आणि कधी कधी, तिच्या चेहऱ्यावरचं ते बघणं आठवलं की वाटायचं, मी चूक वाचलं.

गेल्या पावसाळ्यात ती दवाखान्यात होती. परत येणार नाही हे दोघांनाही कळलं होतं. एका दुपारी मी तिला मोसंबी सोलून देत होतो. ती अचानक म्हणाली, “कंट्रोलर, त्या सोमवारी मी तारीख घेणार होते.”

मी फोड हातात धरून राहिलो.

“मोहरील गेले तेव्हाच ठरवलं होतं. हवालदार वाघदऱ्याला जाणार नाही हेही मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी दुसरा मागितला नाही.”

“खोलीसाठी,” मी म्हणालो.

“खोलीसाठी असं मनाला सांगितलं. पण खुर्चीही आवडत होती हो मला. बापू ज्या दाराबाहेर स्टुलावर बसायचे त्या दारातून आत जाऊन खुर्चीवर बसायला फार आवडायचं.”

“मग भाकऱ्या चार का घातल्यास?”

“तेच तर,” ती म्हणाली. तिला दम लागत होता, ती थांबून थांबून बोलत होती. “मी दोनच केल्या असं मला वाटत होतं. तुम्ही संध्याकाळी चार म्हणालात तेव्हा मला कळलं. मी नाही घातल्या. हातानं घातल्या.”

खिडकीबाहेर अँब्युलन्स मागं घेत होते, कोणीतरी “येऊ दे, येऊ दे” ओरडत होतं.

“तुम्ही माईकवर म्हणालात, आवटेबाईंनी बोलावलंय,” ती म्हणाली. “मी आत बसून ऐकलं. म्हटलं, मी कुठं बोलावलं? आणि इतकं बरं वाटलं मला. इतकं बरं वाटलं, काय सांगू. वाटलं, बापूच ओरडले.”

“आणि नोकरी गेली,” मी म्हणालो.

ती हसली. ते तिचं शेवटचं मोठं हसणं. “जाते म्हणाले होतेच ते.”

दहाव्याला वकील मंडळी आली होती. एकानं भाषणासारखं केलं, बाईंनी पदाची कधी पर्वा केली नाही म्हणाला. मी ऐकून घेतलं. कौसाबाई आली होती, आता अगदी वाकलेली. ती पायरीवर बसून राहिली, जेवायला वाढलं तेव्हा जेवली.

आता मी भाकरी करायला शिकलोय. पोरगी म्हणते बाई लावा, पण मला वेळ घालवायला काम लागतं. पहिल्या पहिल्या तुटायच्या, आता बऱ्या होतात. एकट्याला दोन पुरतात. रोज दोन भाकऱ्यांपुरतंच पीठ घ्यायचं म्हणून परातीशी बसतो. थापायला लागलो की थापत जातो, आणि टोपल्यात बघतो तेव्हा चार असतात.